झाडावरचा उंदीर कोणत्या कुळातला? दात, पाय आणि घरट्यावरून ओळखण्याची रीत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात रात्री बॅटरी मारली की बांबूवर सरसर चढणारं बोटभर जनावर दिसतं. डोळे चमकतात, लांब शेपूट काठीला वळसा घालते आणि क्षणात सगळं पानात नाहीसं होतं. पाहणारा म्हणतो, ‘उंदीर होता.’ उत्तर चूक नाही, पण त्यात सात-आठ वेगवेगळी जनावरं मावतात. त्यांतली काही एकमेकांची जवळची नातेवाईकही नाहीत. फोटो मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये टाकला आणि त्याने ‘ट्री व्होल’ म्हणजे झाडावरचा व्होल असं नाव सुचवलं, तर गोंधळ आणखी वाढतो. म्हणून आधी हा व्होल कोण ते पाहू. मग बेळगाव भागातल्या झाडावरच्या कृंतकांची, म्हणजे उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांची, ओळख कशी पटवायची ते क्रमाने घेऊ.

व्होल कोण, आणि तो इथे का नाही

व्होल हा गोल डोक्याचा, आखूड शेपटीचा, उंदरासारखा दिसणारा कृंतक. त्याला मराठीत नाव नाही, कारण सह्याद्रीत ते जनावरच नाही. भारतातले व्होल हिमालयात राहतात. खरा झाडावरचा व्होल तर उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगन आणि उत्तर कॅलिफोर्नियाच्या सूचिपर्णी जंगलात सापडतो. त्याची प्रजाती अरबोरिमस. तिच्यात तीन जाती धरतात: लाल झाडव्होल अरबोरिमस लॉंजिकॉडस, सोनोमा झाडव्होल अरबोरिमस पोमो आणि पांढऱ्या पायांचा अरबोरिमस अल्बिपिस. पहिल्या दोघी पूर्ण झाडावरच्या. तिसरी बरीचशी जमिनीलगत वावरते. पोमो ही जात १९९१ मध्ये वेगळी काढली. दिसायला ती लॉंजिकॉडससारखीच, पण क्रोमोसोमची संख्या जुळेना. लॉंजिकॉडसमध्ये ती ४८ ते ५२ असते, पोमोमध्ये त्याहून कमी.

इथे एक शब्द नीट वापरायला हवा. शास्त्रीय मराठीत ‘प्रजाती’ म्हणजे अनेक जातींचा गट आणि ‘जाती’ म्हणजे त्यातलं एक जनावर. बातम्यांत हे दोन्ही शब्द सर्रास उलटे येतात. वहीत नोंद करताना तरी ते जागच्या जागी ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी आपलीच नोंद आपल्याला कळत नाही.

गण कृंतक, कुळ क्रिसेटिडी, उपकुळ आर्विकोलिनी: हा व्होलचा पत्ता. हॅमस्टरही क्रिसेटिडी कुळातलाच. आपले घरउंदीर, शेतउंदीर, घुशी आणि उघड्या रानात बिळं करून राहणारे जर्बिल म्युरिडी कुळात येतात. खारी आणि शेकरू सायुरिडी कुळात. म्हणजे अमेरिकेतला झाडव्होल आपल्या झाडावरच्या उंदरापेक्षा हॅमस्टरला जवळचा. दोघेही झाडावर राहतात एवढ्यावरून नातं लावायचं नाही. झाडावर चढणं ही कृंतकांनी वेगवेगळ्या कुळांत पुन्हा पुन्हा मिळवलेली सवय आहे. दक्षिण घाटातला काटेरी डॉर्माउस, प्लॅटाकँथोमिस लॅसियुरस, घ्या. झाडाच्या ढोलीत राहणारं, झुपकेदार शेपटीचं, मिरीवर ताव मारणारं हे जनावर कुठल्याही चित्रात छोट्या खारीसारखं दिसतं. कूळ मात्र तिसरंच, प्लॅटाकँथोमिडी.

झाडव्होलचं राहणं समजून घेतलं तर पुढे आपल्या घरट्यांकडे बघण्याची नजर तयार होते. लाल झाडव्होल जवळजवळ फक्त डग्लस फर या झाडाच्या सुया खातो. प्रत्येक सुईच्या दोन्ही कडांना राळेची एकेक नळी असते. तो ती दातांनी सोलून बाजूला काढतो, मधला भाग खातो आणि सोललेल्या नळ्यांचा भुसा घरट्यात अंथरतो. तिकडचे अभ्यासक घरटं व्होलचं की खारीचं हे त्या केसासारख्या नळ्यांवरून ठरवतात. जनावर दिसावं लागत नाही. पाणी तो पानांवरच्या दवाचं चाटतो. पिल्लं एका वेळी बहुधा दोन-तीनच होतात आणि जमिनीवरच्या व्होलांपेक्षा फार हळू वाढतात. सुईसारखा निकस चारा खाऊन पिल्लं वाढवायची म्हटल्यावर याहून वेग शक्यच नाही.

काय काय लागेल

दहापट दाखवणारं भिंग, प्लॅस्टिकचा कॅलिपर, ३० सेंमीची पट्टी, बोथट टोकाचा चिमटा, मऊ रंगाचा ब्रश, पांढरी थाळी, कागदी पाकिटं आणि पेन्सिल. चिठ्ठी पेनाने लिहू नका. जांबोटीच्या पावसाळी हवेत शाई पसरते आणि महिन्याभरात तारीख वाचता येत नाही. रबरी हातमोजे आणि मास्क तर हवेतच, त्याचं कारण शेवटी येईल.

ओळखीचा क्रम दात, पाय, शेपटी, घरटं असा ठेवा. रंग सगळ्यांत शेवटी. नवशिके रंगापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण एकाच जातीत पिल्लू राखाडी आणि मोठं तांबूस असू शकतं.

दात

कवटी हातात आली की आधी पुढचे दात पाहा. वर एक जोडी, खाली एक जोडी, समोरून नारिंगी-पिवळा मुलामा, आणि मागे दाढांपर्यंत मोकळी जागा. असं असेल तर कृंतक. पुढचे दात पांढरे, त्यांच्या मागे लगेच टोकदार दातांची रांग, मधे मोकळी जागाच नाही, तर ती चिचुंद्री. चिचुंद्री उंदीर नव्हे. तिचा गणच वेगळा.

मग दाढा मोजा. वरच्या जबड्यात एका बाजूला तीनच दाढा असतील तर उंदीर किंवा व्होल. दोघांचेही एकूण दात १६, त्यामुळे नुसत्या मोजणीने त्यांच्यात फरक होत नाही. चार किंवा पाच असतील तर खार. खारीच्या कवटीत डोळ्याच्या खोबणीमागे हाडाचा एक टोकदार काटा बाहेर येतो. उंदराच्या कवटीत तो नसतो. दाढा पडून गेलेल्या कवटीत हा काटा हमखास कामी येतो.

उंदीर आणि व्होल यांतला फरक दाढेच्या माथ्यावर असतो. भिंग लावून, उजेड तिरपा घेऊन पाहा. उंदराच्या वरच्या दाढेवर उंचवट्यांच्या तीन उभ्या ओळी दिसतात, भाजलेल्या मक्याच्या कणसावर दाणे दिसावेत तशा. व्होलच्या दाढेवर उंचवटे नसतातच. माथा सपाट आणि कडेने त्रिकोणांची नागमोडी नक्षी, एकीकडे टोक, दुसरीकडे खाच. गवत आणि सुया दळायला तो जणू जात्याचा पाट.

इथे हमखास होणारी एक चूक सांगतो. म्हाताऱ्या उंदराच्या दाढा झिजून सपाट होतात, उंचवटे एकमेकांत मिसळतात आणि आडव्या कमानी उरतात. घाईने पाहिलं तर त्या व्होलच्या त्रिकोणांसारख्या वाटतात. म्हणून दाढ बाजूने पाहा. व्होलच्या त्रिकोणाच्या भिंती माथ्यापासून थेट जबड्याच्या हाडापर्यंत सरळ उभ्या उतरतात. उंदराची दाढ मात्र बुटकी असते, फुगीर मुकुट संपतो आणि मुळं सुरू होतात. बहुतेक व्होलांच्या दाढांना मुळंच नसतात, त्या आयुष्यभर वाढत राहतात. अरबोरिमस याला अपवाद: मोठ्या वयात त्याच्या दाढांना मुळं फुटतात. म्हणून ‘मुळं दिसली म्हणजे व्होल नव्हे’ असा सरसकट नियम करता येत नाही.

पुढच्या वरच्या दातांवर मधोमध उभी चर असेल तर थांबा. ती दोघांची खूण आहे. एक गोलुंडा एलिओटी, म्हणजे झुडपी उंदीर, आणि दुसरा जर्बिल. कवटी उलटी करून कानामागचे हाडाचे फुगे पाहा. जर्बिलचे फुगे मोठे, टपोरे. गोलुंडाचे बेताचे. शिवाय जर्बिलच्या दाढांवर आडव्या पट्ट्या असतात, गोलुंडाच्या दाढांवर ठसठशीत उंचवटे.

आपल्याकडे व्होल म्हणून चुकीचं नाव पडण्याची शक्यता कुणाला असेल, तर ती या गोलुंडालाच. गोल डोकं, आखूड नाक, केसाळ गोल कान, शरीरापेक्षा आखूड शेपूट. समोरून तो व्होलची नक्कल वाटतो. तो उंच झाडावर फारसा जात नाही. झुडपात, घाणेरीच्या जाळीत, उसाच्या बांधावर गवताचा गोळा करून राहतो आणि गवतातून मळलेल्या वाटा पाडतो. चिकोडी, हुक्केरी, निपाणीकडच्या उघड्या रानात तो शोधा. जांबोटीच्या दाट जंगलात शोधत बसू नका.

पाय आणि शेपटी

मेलेलं जनावर रस्त्यावर किंवा मांजराने टाकलेलं मिळालं तर पाच मापं घ्या: नाकाच्या शेंड्यापासून गुदद्वारापर्यंत शरीर, तिथून टोकापर्यंत शेपूट (टोकाचे केस सोडून), टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मागचा पाय (नखं सोडून), कान आणि वजन. शरीर ताणून मोजू नका, पाठीवर सरळ झोपवून मोजा. ताणलं तर शेपटीचं प्रमाण कमी येतं आणि झाडावरचा उंदीर जमिनीवरचा ठरतो. शेपटीचं टोक तुटलेलं किंवा कातडी निघालेली असेल तर तसं लिहा आणि ते माप प्रमाणासाठी धरू नका. जिवंत उंदराला शेपटीच्या टोकाला धरून उचललं तर टोकाची कातडी मोज्यासारखी निघून हातात येते. तसं कधीही करू नका.

शेपूट भागिले शरीर, गुणिले शंभर. लाल झाडव्होलची शेपूट शरीराहून आखूडच, पण व्होलांमध्ये ती लांब गणली जाते. लॉंजिकॉडस या नावाचा अर्थच लांब शेपटीचा. आपल्या झाडावरच्या उंदरांत हे प्रमाण शंभराच्या वर जातं.

बांबूवर दिसणारा तो बोटभर उंदीर बहुधा व्हँडेल्यूरिया ओलेरेसिया. शरीर ५५ ते ८५ मिमी, शेपूट ९० ते १३० मिमी. बेनेट यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं. त्याची पक्की खूण तळपायात आहे. भिंगाखाली बोटं एकेक करून पाहा. मधल्या तीन बोटांना टोकदार नखं, आणि पहिल्या व शेवटच्या बोटाला आपल्या करंगळीसारखं चपटं नख. ही दोन बोटं उरलेल्यांच्या समोर येतात, त्यामुळे बारीक काडी तो चिमट्यासारखी धरतो. घरातल्या पिटुकल्या उंदराला असं चपटं नख नसतं. ही खूण फोटोतही टिपता येते, फक्त पायावर फोकस करा. लोक तोंडाचा फोटो काढतात आणि नेमकी खूण राहून जाते.

घरउंदराचं पिल्लूही या मापाचं असू शकतं. त्याचं डोकं आणि मागचे पाय शरीराच्या मानाने बेढब मोठे दिसतात. पायाची बोटं पाहिली की शंका राहत नाही.

त्याहून मोठे दोघे-तिघे आहेत. शेपटीचा मागचा मोठा भाग पांढराशुभ्र आणि बुडाकडे गडद असेल तर मॅड्रोमिस ब्लॅनफोर्डी, पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर. १८८१ मध्ये थॉमस यांनी त्याला नाव दिलं. त्यानंतर तो रॅटसमध्ये, मग क्रेम्नोमिसमध्ये आणि अखेर मॅड्रोमिसमध्ये गेला, म्हणून जुन्या यादीत तो तिन्ही नावांनी सापडतो. शेपूट एकाच गडद रंगाची आणि शरीराहून लांब असेल तर रॅटस रॅटस, म्हणजे घराच्या आढ्यावर आणि माडाच्या शेंड्यावर सारख्याच सहजतेने राहणारा उंदीर. घाटातल्या जंगलात रॅटस सटारे हाही त्याच्यासारखाच लांब शेपटीचा भेटतो. सातारा जिल्ह्यातल्या घाटमाथ्याच्या नमुन्यावरून १९१८ मध्ये हिंटन यांनी त्याला उपजाती म्हणून नोंदवलं, पुढे ती स्वतंत्र जात ठरली. या दोघांना केवळ फोटोवरून वेगळं करू नका. ‘रॅटस, जात अनिश्चित’ अशी नोंद प्रामाणिक आणि उपयोगी असते.

खारींचं सोपं आहे. पाठीवर तीन फिके पट्टे, ती तीनपट्टी. पाच दिसले, म्हणजे बाजूला आणखी दोन पुसट, तर पाचपट्टी. शेकरू सांगायला नकोच. रात्री एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाणारी उडती खार पेटॉरिस्टा फिलिपेन्सिस.

घरटं आणि खाल्लेलं फळ

झाडाच्या शेंड्याजवळ, फांद्यांच्या बेचक्यात पानाकाटक्यांचा घमेल्याएवढा गोळा दिसला तर शेकरूचा. एकच शेकरू अनेक घरटी बांधतो, म्हणून घरटी मोजून शेकरू मोजू नका. वाक, कापूस, चिंध्या, गवताचा छोटा गोळा घराजवळच्या झाडात दिसला तर खार. बांबूत किंवा झुडपात मुठीएवढा गवत-पानांचा गोळा दिसला तर व्हँडेल्यूरिया असण्याची शक्यता. मात्र हा उंदीर पक्ष्याचं जुनं घरटंही वापरतो, तेव्हा आकारावर विसंबू नका. घरटं न फोडता खाली पांढरं कापड अंथरा आणि दुसऱ्या दिवशी काय पडलं ते पाहा. ३ ते ६ मिमीच्या टोकदार लेंड्या लहान उंदराच्या. साधारण १२ मिमीच्या, दोन्ही टोकं निमुळती असलेल्या रॅटसच्या. झाडव्होलच्या राळेच्या नळ्यांसारखा एकच निर्णायक पुरावा आपल्या जनावरांत नाही. लेंडी, कुरतड आणि पाऊलखूण तिन्ही जमवावी लागतात.

बागायतदारांसाठी एक कामाची खूण. कोकोची शेंग देठाजवळ पोखरलेली असेल तर उंदीर, मधोमध पोखरलेली असेल तर खार. नारळावर उंदराचं भोक देठाच्या टोपीजवळ असतं. दातांच्या जोडखुणेची रुंदी कॅलिपरने मोजा. दीड-दोन मिमी भरली तर लहान उंदीर, तीन-चार मिमी भरली तर मोठा. उंदरासाठी लावलेल्या उपायाने खार थांबत नाही, कारण खार दिवसा येते. उपाय करण्याआधी दात मोजलेले बरे.

घुबडाच्या गोळ्या

घुबड शिकार गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळीच्या रूपात ओकून टाकतं. जनावर न पकडता, न मारता कवट्या मिळवण्याचा हा सर्वांत चांगला मार्ग. अमेरिकेत झाडव्होलचा प्रदेश आखताना ठिपकेदार घुबडाने ओकलेल्या गोळ्यांचा मोठा आधार मिळाला. आपल्याकडे जुने वाडे, पडक्या गिरण्या, देवळांची शिखरं इथे गव्हाणी घुबड बसतं. भिंतीवर चुन्यासारखे ओघळ आणि खाली काळपट, अंगठ्याएवढ्या गोळ्या दिसतात. जूनच्या आधी गोळा करा. पाऊस लागला की त्या विरघळतात, आणि ओल्या राहिल्या तर कसरीच्या अळ्या केस खाऊन हाडं विस्कटून टाकतात.

प्रत्येक गोळी वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी येते. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून तासभर भिजत ठेवा. केस सैल झाले की थाळीत चिमट्याने आणि ब्रशने सोडवा. ओढू नका. कवटीचं नाकाचं टोक आणि गालाची कमान कागदासारखी पातळ असते, तीच आधी मोडते. खालचे जबडे डावे-उजवे वेगळे ठेवा. एका गोळीत तीन कवट्या, चार डावे जबडे आणि दोन उजवे निघाले तर किमान चार जनावरं धरायची, म्हणजे सर्वांत मोठा आकडा. हाडं पांढरी करायला तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड काही मिनिटं पुरतं. ब्लीचिंग पावडर वापरली तर हाड भुसभुशीत होतं आणि दाढा सुटून पडतात.

गव्हाणी घुबड उघड्या शेतात शिकार करतं. त्याच्या गोळ्यांत शेतउंदीर, जर्बिल आणि चिचुंद्र्या भरपूर मिळतात, झाडावरचे उंदीर क्वचित. तेव्हा गोळीत व्हँडेल्यूरिया नाही म्हणून गावात तो नाही, असं लिहू नका. जंगलात शिकार करणाऱ्या घुबडाच्या जागा सापडल्या तर तिथल्या गोळ्या निराळ्या ठेवा.

जपायच्या गोष्टी

उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून घरटं, लेंड्या, गोळ्या यांना उघड्या हाताने शिवायचं नाही. दुसरा धोका माकडतापाचा. १९५७ मध्ये शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात आढळलेला हा रोग गोचिडीतून येतो, आणि २०१५-१६ पासून आपल्या शेजारच्या सत्तरी व दोडामार्गकडेही पोहोचला आहे. गोचिडीची पिल्लं उंदीर-चिचुंद्रीवरही पोसतात. डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत जंगलात पालापाचोळ्यावर बसू नका, पँट मोज्यात खोचा, अंगाला गोचीडरोधक तेल लावा, घरी येताच कपडे गरम पाण्यात टाका आणि काखा-जांघा तपासा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

भीमगड अभयारण्यात शिरायलाच वनखात्याची परवानगी लागते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. पिंजरा लावणं, घरटं काढणं, शेकरूची कवटी घरी ठेवणं यांतलं काहीही परवानगीशिवाय करू नका. अभयारण्याबाहेरच्या गावातली घुबडाची जागाही मालकाला विचारूनच धुंडाळा.

नोंदवहीत तारीख, गाव, झाड, जमिनीपासूनची उंची, मापं आणि तळपायाचा फोटो असावा. शिवाय ते जनावर दाखवणारा त्याला काय म्हणतो ते त्याच्याच शब्दात लिहा, मराठी असो वा कानडी. कानडीत इली म्हणजे उंदीर, हेग्गण म्हणजे घूस, अळिलु म्हणजे खार, एवढे तीन शब्द येत असले तरी विचारणं सोपं जातं. वॉल्टर एलियट यांनी १८३९ मध्ये ‘सदर्न मराठा कंट्री’च्या, म्हणजे आपल्या बेळगाव-धारवाड भागाच्या सस्तन प्राण्यांची यादी छापली, ती इथल्या भाषांतल्या नावांसकट. मोठ्या उडत्या खारीचं शास्त्रीय नाव त्याच यादीतून आलं. गोलुंडा हे प्रजातीचं नाव कानडी ‘गुलंडी’वरून घेतलेलं, आणि एलिओटी हे एलियट यांच्यावरून. बांबूवरच्या त्या चपट्या नखाच्या उंदराला तुमच्या गावात स्वतंत्र नाव असेल, तर ते मापांच्या शेजारीच, ऐकलं तसं लिहा, आणि सांगणाऱ्याने तळपाय पाहून सांगितलं की नुसतं लांबून, तेही लिहा.